शेतमालाच्या व्यवहारात मोबाईल व टॅबलेट यांचा उपयोग

पुणे-नाशिक रस्त्यावरील चाकण हे गाव कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. खेड कृषी उत्पन्न बाजार समितीचा महात्मा फुले बाजार याच गावी भरतो व आसपासच्या गावांतील माल तेथे उतरतो. याच गावाभोवती आज वाहनांच्या कारखान्यांची मोठी वसाहत उभी आहे. पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. पुढे पिंपरी, चिंचवड व भोसरी येथून कारखानदारी सरकत सरकत चाकणपर्यंत पोचली. आता या भागातील कित्येक घरांत एक भाऊ कारखान्यात पाळीवर जातो व दुसरा भाऊ शेती पाहतो.

कारखान्यात जाणाऱ्या भावाला एक गोष्ट रोज दिसते. तेथे येणाऱ्या सुट्या भागांच्या खोक्यांवर बारकोडाची चिठ्ठी असते. हातातील यंत्राने ती वाचली की कोणता माल, किती नग, कोठून व केव्हा आला याची नोंद तत्काळ होते. माल कोठे ठेवला व किती उरला, हे विचारताच सांगता येते. त्याच घरच्या कांदाचाळीत मात्र किती पिशव्या भरल्या, कोणत्या तारखेस भरल्या, त्यांवर एकूण खर्च किती आला व निवडताना सड किती निघाली, हे बहुधा कोणासच नेमके सांगता येत नाही. वास्तविक शेती पाहणाऱ्या भावाच्या खिशातही आता मोबाईल असतो. तो बोलण्यासाठी, चित्रे पाहण्यासाठी व निरोप धाडण्यासाठी वापरला जातो. व्यवहाराचे साधन म्हणून त्याचा उपयोग कसा करावा व त्यापासून कोणती अपेक्षा करू नये, याचे विवेचन पुढे केले आहे.

साधन कोणते असावे

एकट्या शेतकऱ्याच्या व्यवहारास साधा स्मार्ट मोबाईल पुरेसा आहे. टॅबलेट म्हणजे पाटीच्या आकाराचा, मोठ्या पडद्याचा संगणकच होय. त्यावर हिशेबाचे तक्ते नीट दिसतात व चारचौघांना एकत्र बसून ते पाहता येतात. यास्तव शेतकरी गट, शेतकरी उत्पादक कंपनी, दूध संस्था किंवा महिला बचत गट यांना टॅबलेट अधिक सोयीचा पडतो. केवळ शेजाऱ्याने घेतला म्हणून कर्ज काढून महाग साधन घेणे हिताचे नाही.

साधन निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, एकदा भारित केलेली बॅटरी दिवसभर टिकावी. दुसरी, मराठीत लिहिण्याची व बोललेले लिहून घेण्याची सोय त्यावर नीट चालावी. ज्यांना बोटाने लिहिणे अवघड जाते, त्यांना बोलून नोंद करता येते. तिसरी, पडद्यावर संरक्षक काच व पाठीवर आवरण असावे. खळ्यावरची धूळ, फवारणीचे ओले हात आणि ट्रॅक्टरवर उन्हात पडून राहणे या तिन्ही गोष्टी यंत्रास बाधक आहेत.

वारणेचा अनुभव

ग्रामीण व्यवहारात संगणक आणण्याचा महाराष्ट्रातील एक मोठा प्रयत्न कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे झाला. १९९८ साली सुरू झालेल्या या योजनेत वारणा परिसरातील ७० गावांसाठी संगणक केंद्रे उघडण्यात आली. ऊस उत्पादकाने केंद्रावर जावे व आपल्या उसाची व खताची माहिती तेथे पाहावी, अशी ती व्यवस्था होती. पुढे काही वर्षांनी सात गावांत एक प्रयोग करण्यात आला. संगणकाऐवजी मोबाईलवरून लघुसंदेश पाठवून तीच माहिती मागवावी व तिचे उत्तर लघुसंदेशानेच मिळावे, अशी सोय करून पाहण्यात आली. केंद्रातील संगणकाने जी कामे होत होती, ती साध्या मोबाईलनेही होऊ शकतात, असे या प्रयोगात दिसून आले.

या अनुभवाचा बोध सरळ आहे. साधन किती मोठे आहे यापेक्षा ते शेतकऱ्याच्या हाताशी आहे की नाही, हे महत्त्वाचे. दुसरे असे की, वारणेत माहिती उपयोगी पडली, कारण सहकारी कारखान्याच्या दप्तरात प्रत्येक सभासदाच्या उसाची नोंद आधीपासून होती. ज्याची नोंदच नाही, त्याची माहिती कोणतेही यंत्र देऊ शकत नाही.

भाव समजणे व भाव मिळणे

मोबाईलमुळे बाजारभाव घरबसल्या समजतो व म्हणून शेतकऱ्यास भाव अधिक मिळतो, असे सर्रास सांगितले जाते. यातील पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग मात्र नेहमीच खरा ठरत नाही. याविषयी दोन अभ्यास ध्यानात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला केरळचा. १९९७ ते २००१ या काळात केरळच्या उत्तर किनाऱ्यावर मोबाईलची सेवा टप्प्याटप्प्याने आली. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने तेथील तारली मासळीच्या व्यापाराचा अभ्यास करून तो २००७ साली प्रसिद्ध केला. मोबाईल येण्यापूर्वी एका बंदरात मासळी फेकून द्यावी लागे व त्याच वेळी शेजारच्या बंदरात गिऱ्हाइकास मासळी मिळत नसे. मोबाईल आल्यावर कोळी समुद्रातूनच चौकशी करू लागले व जेथे मागणी असेल त्या बंदराकडे होडी वळवू लागले. त्यामुळे मासळीची नासाडी जवळजवळ थांबली, कोळ्यांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला व गिऱ्हाइकासही मासळी सुमारे ४ टक्के स्वस्त मिळू लागली.

दुसरा अभ्यास महाराष्ट्रातीलच आहे. २००७ साली आपल्या राज्यात रॉयटर्स मार्केट लाइट नावाची सेवा सुरू झाली. वर्गणी भरणाऱ्या शेतकऱ्यास तीतून बाजारभाव, हवामान व पीकविषयक सल्ला मराठी लघुसंदेशाने मिळत असे. मार्सेल फाफशाँ व बार्ट मिंटेन या अभ्यासकांनी राज्यातील १०० गावांत तिची पाहणी करून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या शेतकऱ्यांना ही सेवा पुरविली, त्यांना इतरांपेक्षा सरासरीने अधिक भाव मिळाला, असे त्या पाहणीत आढळले नाही.

असे का व्हावे? केरळच्या कोळ्याच्या हाती होडीचे सुकाणू होते. भाव कळताच त्याला दिशा बदलता येत होती. शेतकऱ्यास भाव कळतो तेव्हा कित्येकदा गाडी भरलेली असते, मालाची प्रतवारी झालेली नसते, अथवा आडत्याकडून घेतलेली उचल फेडावयाची असते. अशा वेळी दुसऱ्या बाजारातील चढा भाव कळून केवळ मनस्ताप होतो. म्हणून भावाची चौकशी गाडी भरण्यापूर्वी व्हावी आणि ती करताना माल थांबविण्याची किंवा दुसरीकडे नेण्याची काही तरी सोय हाताशी असावी, तरच त्या माहितीचे पैसे होतात.

गाडी भरण्यापूर्वीचा हिशेब

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर निरनिराळ्या बाजार समित्यांतील आवक व भाव रोज दिले जातात. तेथे किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन भाव असतात. कमाल भाव हा निवडक, थोड्या मालाला मिळालेला असतो. तुलना नेहमी सर्वसाधारण भावाची करावी. तसेच पुण्याच्या बाजारात भाव पुष्कळदा दहा किलोंचा सांगतात, तर मंडळाच्या तक्त्यात तो क्विंटलचा असतो. दहा किलोंच्या भावास दहाने गुणले म्हणजे क्विंटलचा भाव येतो.

पुढील उदाहरणातील आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत. एका शेतकऱ्याकडे प्रत्येकी ५० किलोंच्या ४० पिशव्या, म्हणजे २० क्विंटल कांदा आहे. चाकणला सर्वसाधारण भाव १,५०० रुपये व पुण्यास १,६२० रुपये आहे. चाकणला कांद्याचे ३०,००० रुपये होतील, तर पुण्यास ३२,४०० रुपये. म्हणजे पुण्यास २,४०० रुपये अधिक दिसतात. आता खर्च पाहू. वाहतूक चाकणपर्यंत पिशवीस ४० रुपये व पुण्यापर्यंत ७० रुपये धरली, तर ती अनुक्रमे १,६०० व २,८०० रुपये होते. हमाली, तोलाई वगैरे चाकणला पिशवीमागे १० रुपये व पुण्यास २० रुपये धरली, तर ४०० व ८०० रुपये होतात. पुण्यास जाण्यायेण्यात मोडलेला दिवस व जेवणखाण यांचे ५०० रुपये धरावे लागतील. सर्व वजा जाता चाकणला २८,००० रुपये व पुण्यास २८,३०० रुपये हाती राहतात. दिसलेल्या २,४०० रुपयांपैकी उरले ते केवळ ३००. पुण्यास मालाची प्रत थोडी हलकी ठरून क्विंटलमागे २० रुपये कमी आले, तर हे ३०० रुपयेही जाऊन उलट १०० रुपयांचा तोटा होतो.

माल साठवून ठेवण्याचा हिशेबही असाच करावा. आजच्या १,५०० रुपये भावाने २० क्विंटलचे ३०,००० रुपये होतात. साठवणीत वजनघट, सड व कोंब मिळून २० टक्के माल कमी झाला, तर १६ क्विंटल उरेल. तेवढ्या मालाचे ३०,००० रुपये होण्यास भाव १,८७५ रुपये व्हावा लागेल. त्याहून कमी भावाने विकल्यास, भाव वाढूनही, थांबण्यात तोटाच होतो. चाळीचा खर्च व अडकलेल्या पैशाचे व्याज यात धरलेले नाही.

मोबाईलमधील गणकयंत्रावर हा हिशेब पाच मिनिटांत होतो. परंतु त्यात घातलेले २० टक्के हे दुसऱ्याच्या चाळीतील असून उपयोग नाही. ते ज्याच्या त्याच्या चाळीतील असावयास हवेत. राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने भीमा शक्ती, भीमा किरण यांसारखे टिकाऊ वाण दिले आहेत. परंतु काढणी, सुकवणी व चाळीची रचना यांप्रमाणे घट गावोगाव बदलते. दोन वर्षे नीट नोंद ठेवली, म्हणजे आपली घट किती हे प्रत्येक शेतकऱ्यास कळेल.

नोंदीचे मोल

नोंद नसल्याने काय होते, याचा अनुभव २०२३ साली कांदा उत्पादकांना आला. त्या वर्षी भाव फार घसरल्यामुळे, १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात बाजार समित्यांत विकलेल्या उशिराच्या खरीप लाल कांद्यास राज्य शासनाने क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान दिले. प्रत्येक शेतकऱ्यास २०० क्विंटलची मर्यादा होती. म्हणजे एका शेतकऱ्यास जास्तीत जास्त ७०,००० रुपये मिळू शकत होते. त्यासाठी दोन कागद मुख्य होते. एक विक्रीची मूळ पट्टी व दुसरा कांद्याच्या पिकाची नोंद असलेला सातबारा. अनेक शेतकऱ्यांनी कांदा पिकविला होता व विकलाही होता, परंतु सातबाऱ्यावर त्याची नोंद नव्हती. पुढे तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक यांच्या पाहणीवरून अशा प्रकरणांचा विचार करण्याची सोय शासनास करावी लागली. काहींच्या विक्रीच्या पट्ट्याही हरवल्या होत्या. ज्याने पीक शेतात असतानाच नोंद केली व पट्टी जपली, त्याला हे हेलपाटे पडले नाहीत.

ई-पीक पाहणीची पद्धत १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाली आहे. शेतकऱ्याने आपल्या गटात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे व पिकाचे नाव, क्षेत्र व लागवडीची तारीख मोबाईलमध्ये भरावी, अशी ही रीत आहे. ही नोंद गाव नमुना १२ मध्ये जाते. एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, त्यामुळे ज्याच्याकडे स्मार्ट मोबाईल नाही त्यालाही शेजाऱ्याची मदत घेता येते. नोंद करताना चूक झाल्यास ४८ तासांच्या आत ती दुरुस्त करून घ्यावी. मुदतीच्या अखेरच्या दिवसांत सर्वजण एकदम नोंद करू लागले म्हणजे यंत्रणा मंदावते. यास्तव पीक डोळ्यांत भरताच नोंद उरकावी. विमा, पीककर्ज व नुकसानभरपाई यांच्या कामी याच नोंदीचा आधार घेतला जातो.

नोंद कशी ठेवावी

नोंदीसाठी कोणतेही खास ॲप विकत घेण्याचे कारण नाही. मोबाईलमधील टिपणवही, कॅमेरा व गणकयंत्र एवढ्यावर काम भागते. पुढील क्रम सोयीचा पडेल.

१. हंगामाच्या आरंभी प्रत्येक गटाचे एक टिपण उघडावे. त्यावर पीक, वाण, क्षेत्र व लागवडीची तारीख लिहावी.

२. बियाणे, खत, औषध यांच्या पावतीचे छायाचित्र दुकानातच घ्यावे. पावतीची शाई काही महिन्यांत उडते, छायाचित्र राहते.

३. मजुरी ज्या दिवशी दिली त्याच सायंकाळी लिहावी. घरच्या माणसांचे श्रमही दिवसांत मोजून लिहावेत.

४. चाळीत माल भरताना पिशव्यांची संख्या व तारीख लिहावी. निवडणीच्या वेळी फेकलेला माल वजन करून लिहावा.

५. हिशेबपट्टी हाती पडताच तिचे छायाचित्र घ्यावे. वजन, भाव, हमाली, तोलाई व इतर कपाती बाजारातच तपासाव्यात. घरी आल्यावर काढलेली चूक दुरुस्त होणे कठीण.

६. सर्व छायाचित्रांची व टिपणांची प्रत महिन्यातून एकदा दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. मूळ कागद फेकून देऊ नयेत.

ज्या घरात मुलगी अथवा मुलगा शाळा-महाविद्यालयात जातो, तेथे हे काम त्यांच्याकडे सोपवावे. हिशेब घरातील स्त्रियांसमोर उघडा असावा. शेतीतील पुष्कळ कामे ज्यांच्या हातून होतात, त्यांना नफातोटा ठाऊक नसणे व्यवहारास धरून नाही.

पैशाचा व्यवहार व सावधगिरी

२०१६ पासून यूपीआय पद्धतीने मोबाईलवरून पैसे देणे-घेणे सुरू झाले. व्यापारी, खत दुकानदार व वाहनचालक यांच्याशी असा व्यवहार केल्यास त्याची तारीखवार नोंद आपोआप राहते, हा मोठा लाभ आहे. परंतु रोख रक्कम जशी कनवटीला जपून ठेवतात, तशीच येथेही सावधगिरी हवी.

पैसे घेण्यासाठी गुप्तांक कधीही भरावा लागत नाही. तो देताना भरावयाचा असतो. कोणी 'पैसे पाठवितो, अंक टाका' असे म्हणाल्यास तो फसवीत आहे असे निश्चित समजावे. माल उचलणाऱ्याने स्वतःच्या मोबाईलवर 'पैसे गेले' असे दाखविले, तरी त्यावर विसंबू नये. आपल्या बँक खात्यात रक्कम जमा झाल्याची खात्री करूनच गाडी सोडावी. बँकेच्या नावाने आलेल्या अनोळखी दुव्यावर बोट ठेवू नये व सांकेतिक क्रमांक कोणास सांगू नये. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवावे, तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक. मोबाईल विकत घेतल्यावर '*#०६#' दाबून दिसणारा त्याचा ओळख क्रमांक वहीत लिहून ठेवावा. चोरी झाल्यास मोबाईल बंद पाडण्यासाठी तो लागतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

या कामात कार्यकर्त्याची भूमिका यंत्र शिकविणाऱ्याची नसून हिशेबाची सवय लावणाऱ्याची आहे. मोठ्या सभेत भाषण देऊन ही सवय लागत नाही. गावातील पाच-सहा शेतकरी निवडून, त्यांच्याच बांधावर व त्यांच्याच मोबाईलवर एका पिकाची नोंद लागवडीपासून विक्रीपर्यंत त्यांच्याकडून करवून घ्यावी. हंगामाच्या अखेरीस ते हिशेब, संबंधितांच्या संमतीने, गटात वाचावेत. शेजाऱ्याचा खरा हिशेब ऐकून जेवढे पटते, तेवढे पत्रकाने पटत नाही. जेथे पाच-सहा जणांचा माल एकाच प्रतीचा व एकाच वेळी तयार आहे असे नोंदीवरून दिसेल, तेथे त्यांना एकत्र गाडी करण्यास सुचवावे. एकट्याला न परवडणारा दूरचा बाजार अशा वेळी परवडू शकतो, आणि मग भावाच्या माहितीचेही चीज होते.

हवामानाचा अंदाज पाहण्याची सवयही याच वेळी लावावी. भारतीय हवामान विभागाच्या 'मेघदूत' ॲपवर जिल्हावार कृषिसल्ला मिळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देते. काढलेला कांदा शेतात पसरलेला असताना येणारा वळीव व झाडाखाली आसरा घेणाऱ्या मजुरावर पडणारी वीज, या दोन्ही आपत्तींत अर्ध्या तासाची पूर्वसूचनाही मोलाची ठरते. ज्याला मोबाईल चालविताच येत नाही, त्याला १८००-१८०-१५५१ हा किसान कॉल सेंटरचा विनामूल्य क्रमांक लिहून द्यावा. तेथे साध्या दूरध्वनीवरूनही मराठीत सल्ला मिळतो.

चाकणच्या कारखान्यांत लागणारा प्रत्येक सुटा भाग मोजून आत येतो व मोजूनच बाहेर पडतो. शेतकऱ्याचा माल निसर्गाच्या स्वाधीन असतो. त्यामुळे त्याला तितके काटेकोर होणे शक्य नाही. परंतु किती खर्च केला, किती पिकले, किती सडले व किती हाती आले, ही चार उत्तरे त्याला निश्चित देता आली पाहिजेत. ती देता आली, म्हणजे आडत्याशी बोलताना, बँकेत कर्ज मागताना व शासनाकडे भरपाईचा अर्ज करताना त्याच्या शब्दास आधार राहतो. येत्या हंगामात प्रत्येक शेतकऱ्याने निदान एका गटाची व एका पिकाची नोंद आरंभापासून अखेरपर्यंत ठेवून पाहावी.